एक मोठा निर्णय, हजारो लहान निर्णय : जोडीदार आणि मुलं यांच्यासाठी निर्णयशास्त्र

१८३८ च्या जुलैमध्ये चार्ल्स डार्विनने एका कागदावर दोन रकाने केले. एकाच्या डोक्यावर 'लग्न करावं', दुसऱ्याच्या डोक्यावर 'लग्न करू नये'. 'करू नये'च्या खाली त्याने लिहिलं : संध्याकाळी वाचायला मिळणार नाही, वाटेल तिथे जाता येणार नाही, पुस्तकांना पैसे कमी पडतील. 'करावं'च्या खाली लिहिलं : मुलं होतील, कायमची सोबत मिळेल, म्हातारपणी कोणीतरी असेल, घराकडे बघायला माणूस असेल. कौल लग्नाच्या बाजूने पडला आणि पुढच्या जानेवारीत त्याने एमा वेजवुडशी लग्न केलं.

या कागदात जे आहे त्यापेक्षा जे नाही तेच मला जास्त शिकण्यासारखं वाटतं. त्या यादीत एमा कुठेच नाही. लग्न करावं का, हा एक प्रश्न. कशा माणसाशी करावं, हा दुसरा. समोर आलेल्या या व्यक्तीला हो म्हणावं का, हा तिसरा. तिन्ही एकत्र कोंबले की डोकं चक्रावतं, आणि मग माणूस थकून "होईल ते होईल" म्हणून मोकळा होतो.

निर्णयशास्त्राचं नावही ज्यांच्या कानावरून गेलेलं नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. गणित बेरीज-गुणाकारापलीकडे जाणार नाही.

हे शास्त्र तीन गोष्टी विचारतं : माझ्यापुढे पर्याय कोणते, प्रत्येकातून काय काय घडू शकतं आणि कितपत शक्यतेने, आणि जे घडेल त्याचं मला मोल किती. शक्यता आणि मोल यांचा गुणाकार करून बेरीज केली की त्या पर्यायाचं अपेक्षित मोल निघतं. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांनी १९४४ मध्ये या विचाराला पक्की गणिती बैठक दिली. रोजच्या वापरासाठी मात्र त्याहून मोलाची आहे ती एक सवय : निर्णय चांगला होता की नाही हे निकालावरून ठरवायचं नाही. दारू पिऊन गाडी चालवणारा सुखरूप घरी पोचला म्हणून त्याचा निर्णय बरोबर ठरत नाही. तसंच विचार करून जोडलेलं नातं पुढे मोडलं म्हणून जोडणारा मूर्ख ठरत नाही. त्या वेळी हाताशी होती त्या माहितीवर तुम्ही काय केलंत, तेवढंच तपासायचं.

आता या लेखाचा कणा सांगते. जोडीदार निवडणं हा एकच, जड, सहजासहजी मागे न फिरवता येणारा निर्णय आहे. मूल वाढवणं म्हणजे हलके, पुन्हा पुन्हा दारात येणारे हजारो निर्णय. पहिल्यात कष्ट घालायचे ते माहिती मिळवण्यावर, दुसऱ्यात नियम ठरवण्यावर. बहुतेकांचं नेमकं उलट होतं. जोडीदार चार गोड संध्याकाळींच्या भरवशावर ठरतो, आणि मुलाच्या बारीकसारीक गोष्टींवर मात्र रात्ररात्र खल चालतो.

पायरी १ : भेटण्याआधी लिहा

१७७२ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली याला पत्रातून आपली पद्धत कळवली होती. कागदाचे दोन भाग करायचे, एकीकडे अनुकूल मुद्दे, दुसरीकडे प्रतिकूल. तीन-चार दिवस जसं सुचेल तसं लिहीत जायचं आणि मग दोन्ही बाजूंचे समान वजनाचे मुद्दे एकमेकांसमोर खोडत जायचं. यातले 'तीन-चार दिवस' फार मोलाचे. आज रागात असताना सुचणारे मुद्दे आणि परवा शांतपणे सुचणारे मुद्दे वेगळे असतात. दोन्ही कागदावर यायला हवेत.

जोडीदाराच्या बाबतीत मी एक भर घालेन : कसा माणूस हवा, ते कोणी समोर येण्याआधी लिहून काढा आणि खाली तारीख टाका. एकदा कोणी आवडलं की मन गुपचूप निकषच बदलून टाकतं. उंची महत्त्वाची वाटत होती ती वाटेनाशी होते, वक्तशीरपणा हवा होता तो 'तेवढं चालतं' होतो. निकष बदलणं वाईट नाही. पण बदलला हे आपल्याला कळायला तरी हवं, आणि तारीख टाकलेला कागद ते दाखवून देतो.

पायरी २ : चाळणी वेगळी, तराजू वेगळा

काही गोष्टींची भरपाई दुसऱ्या कशानेच होत नाही. हात उगारणं, तुच्छतेने बोलणं, तुमच्या पैशांवर, फोनवर, मैत्रीवर पहारा ठेवणं, सतत खोटं बोलणं. मूल हवंच किंवा नकोच, यावर टोकाचा मतभेद. या चाळणीच्या गोष्टी. "पण बाकी किती चांगला आहे" हे वाक्य इथे लागू नाही, कारण चाळणीतून जे खाली पडलं ते तराजूवर चढवायचंच नसतं. चाळणी लहान ठेवा, चार-पाच अटींची. तिच्यात वीस अटी असतील तर त्यातल्या पंधरा खरं तर तराजूच्या आहेत.

तराजूच्या गोष्टींना वजन किती द्यायचं यावर लोक फार डोकेफोड करतात. १९७९ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबिन डॉझ यांनी दाखवून दिलं की योग्य मुद्दे निवडले तर सगळ्यांना सारखं वजन देऊनही अंदाज चांगला येतो, पुष्कळदा तज्ज्ञाच्या मनातल्या ठोकताळ्याहून सरस. त्यांनी दिलेलं एक उदाहरण जोडप्यांचंच होतं : जवळ येण्याची वारंवारता उणे भांडणांची वारंवारता. एवढ्या साध्या वजाबाकीतून जोडपं स्वतःला किती सुखी समजतं याचा बरा अंदाज येत होता. म्हणजे श्रम वजनांवर नकोत, मुद्दे कोणते निवडता त्यावर हवेत.

आणि मुद्दे निवडतानाच बहुतेकांची दिशा चुकते. २०२० मध्ये सॅमँथा जोएल आणि सहकाऱ्यांनी ४३ अभ्यासांतून ११,१९६ जोडप्यांची माहिती एकत्र करून संगणकाच्या मदतीने चाळली. नात्यातलं समाधान कशावरून ओळखता येतं? जोडीदार नात्याला बांधील आहे असं वाटतं का, आपली कदर होते असं वाटतं का, शरीरसुख, जोडीदार समाधानी दिसतो का, भांडणं किती, यांवरून. व्यक्तींच्या सुट्या गुणांपेक्षा या गोष्टी जास्त सांगून गेल्या. जोडीदाराने स्वतःविषयी दिलेल्या उत्तरांनी तर त्यात फारच थोडी भर घातली. दुसरीकडे, उत्तर देणाऱ्याचं स्वतःचं आयुष्याविषयीचं समाधान, नैराश्य, जवळिकीची भीती यांचा धागा नात्यातल्या समाधानाशी जुळलेला दिसला.

यातून मी काढलेला अर्थ असा : 'तो कसा आहे, ती कशी आहे' ही यादी आखूड करा आणि 'आम्ही दोघं एकत्र असताना काय होतं' ही यादी वाढवा. माझं म्हणणं तोडलं जातं का? माझ्या आनंदाच्या बातमीवर चेहरा खुलतो का? भांडणानंतर पहिलं पाऊल कोण टाकतं, आणि दर वेळी तोच टाकतो का? आणि स्वतःचं मन फार दिवसांपासून काळवंडलेलं असेल तर आधी त्यावर उपचार घ्या. जोडीदार शोधण्याच्या कामात हेही धरायचं.

पायरी ३ : किती जणांना भेटायचं

या विषयातलं सर्वांत गाजलेलं गणित म्हणजे ३७ टक्क्यांचा नियम. उमेदवार एकेक करून येतात, प्रत्येकाला तिथल्या तिथे हो किंवा नाही सांगायचं, नाही म्हटलेला परत येत नाही, आणि ध्येय एकच, सर्वोत्तम मिळवणं. अशा वेळी पहिले सुमारे ३७ टक्के नुसते पाहून सोडून द्यावेत आणि त्यानंतर त्या सगळ्यांपेक्षा सरस असा जो पहिला येईल त्याला हो म्हणावं. असं केल्यास सर्वोत्तम मिळण्याची शक्यताही सुमारे ३७ टक्के असते. मार्टिन गार्डनर यांनी १९६० मध्ये आपल्या गणिताच्या सदरात हे कोडं मांडलं आणि तेव्हापासून ते फिरतंय.

नवख्यांना कोणी सांगत नाही ते हे : सर्वोत्तम उमेदवार पहिल्या ३७ टक्क्यांतच येऊन गेला असण्याची शक्यताही तेवढीच आहे. तसं झालं तर पुढे कोणीच पुरेसं वाटत नाही आणि शेवटच्या उमेदवारावर तरी समाधान मानावं लागतं, किंवा एकटं राहावं लागतं. 'सर्वोत्तम नाहीतर काहीच नाही' या हट्टाची ही किंमत आहे. हट्ट सोडला, दुसरा-तिसरा चांगला उमेदवारही जवळपास तितकाच मोलाचा मानला, तर गणित बदलतं. नील बेर्डन यांनी २००६ मध्ये दाखवलं की मग साधारण एकूण संख्येच्या वर्गमूळाइतकेच उमेदवार पाहून सोडावेत. शंभरांत सदतीस नव्हे, दहाच्या आसपास.

प्रत्यक्षात तर एकही गृहीतक नीट बसत नाही. एकूण किती जण भेटणार हे आधी ठाऊक नसतं, आणि 'नाही' नेहमी कायमचं नसतं. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरची पहिली बायको वारल्यावर त्याने दोन वर्षांत अकरा स्थळांचा विचार केला आणि १६१३ मध्ये त्यातल्या पाचव्या, सुझाना रॉयटिंगर हिच्याशीच लग्न केलं. पण पाचवीपाशी तो थांबला नव्हता, बाकीच्या पाहून तिच्याकडे परत आला होता. तिच्या कष्टाळूपणाबरोबरच आपल्या सावत्र मुलांवर ती करत असलेल्या मायेने आपल्याला जिंकलं, असं त्याने लिहून ठेवलंय.

म्हणून टक्केवारी विसरा, गाभा घ्या. सुरुवातीच्या काही ओळखी या आपली नजर तयार करण्यासाठी असतात, तिथे घाईने बांधून घेऊ नका. नजर तयार झाली की 'याहून सरस कोणी असेलच' या आशेवर थांबू नका. हर्बर्ट सायमन यांनी १९५० च्या दशकात हाच विचार व्यापक रूपात मांडला : माणसाकडे वेळ आणि माहिती मर्यादित असते, म्हणून 'पुरेसं चांगलं' म्हणजे काय ते आधी ठरवावं आणि ते भेटलं की शोध थांबवावा. त्यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. शोध थांबवणं म्हणजे तडजोड, असं मला वाटत नाही. शोधत राहण्यातही वर्षं खर्च होतात, आणि ती परत मिळत नाहीत.

पायरी ४ : कोणती खूण काही सांगते?

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या. जड निर्णयात माहितीच वाचवते, पण सगळी माहिती सारखी नसते.

एक कसोटी पाठ करून ठेवा : ही गोष्ट चांगल्या जोडीदाराकडूनही घडली असती आणि वाईटाकडूनही तितकीच घडली असती का? उत्तर 'हो' असेल तर त्या गोष्टीने तुम्हाला काहीच कळलेलं नाही. पहिल्या भेटीत फुलं आणणं, गोड बोलणं, वेळेवर येणं. पहिल्या महिन्यात हे जवळजवळ सगळेच करतात. उलट 'नाही' ऐकल्यावर माणूस कसा वागतो, यात फरक दिसतो.

आकड्यांत बघू. हे आकडे मी निव्वळ समजावण्यासाठी धरलेत. समजा शंभरांतले ७० जण मतभेद नीट हाताळणारे आहेत आणि ३० जण नाहीत. तुम्ही एखाद्या साध्या गोष्टीला 'नाही' म्हटलंत तर नीट हाताळणाऱ्यांतले दहापैकी नऊ शांतपणे घेतील, म्हणजे ६३. दुसऱ्या गटातले दहापैकी तिघेच तसं वागतील, म्हणजे ९. समोरच्याने शांतपणे घेतलं, तर तो या ७२ पैकी एक, आणि त्यातले ६३ चांगले. भरवसा ७० वरून ८७ टक्क्यांच्या पुढे गेला. पण तो फुगून बसला, तर? आता तो पहिल्या गटातल्या ७ पैकी किंवा दुसऱ्या गटातल्या २१ पैकी. अठ्ठावीसांत फक्त सात चांगले, भरवसा २५ टक्क्यांवर आला. एका चांगल्या खुणेने भरवसा थोडा चढतो, एका वाईट खुणेने तो कोसळतो. मनाला हा हिशेब आवडत नाही. मन म्हणतं, "एकदाच तर झालं." अशा वेळी आणखी एकदा 'नाही' म्हणून बघा. दुसऱ्यांदाही तेच झालं तर शंभरातले पाचही उरत नाहीत. थॉमस बेझ यांच्या १७६३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, छापल्या गेलेल्या निबंधातून निघालेली ही विचारपद्धत आहे.

मग अशा बोलक्या खुणा मिळवायच्या कुठे? जिथे मुखवटा सांभाळणं अवघड जातं तिथे. दोघांनी केलेला लांबचा, दमवणारा प्रवास. एखादं किचकट काम मिळून करणं. आजारपण. माझी एक मैत्रीण लग्नाच्या निर्णयावर महिनोन्‌महिने अडून बसली होती. एका प्रवासात त्यांची शेवटची गाडी चुकली, आणि चूक तिची होती : वेळ तिने वाचली होती, तीही उलटी. फलाटावर बॅग खाली ठेवून तो दोन मिनिटं काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "तू बस, मी पुढची कधी आहे ते विचारून येतो." रात्रभरात एकदाही त्याने ती चूक उगाळली नाही. महिनाभराने एका भांडणातही काढली नाही. ती मला म्हणाली, "मी जे सहा महिने विचारत होते त्याचं उत्तर त्या फलाटावर मिळालं."

काही माहिती मात्र फक्त विचारून मिळते, आणि ती विचारायला लोक लाजतात. कर्ज किती आहे? घरच्यांना दरमहा पैसे द्यायचे आहेत का? मूल हवं का, किती, साधारण कधी? रात्री तीनला बाळ रडलं तर कोण उठणार? दोघांपैकी एकाला नोकरीसाठी गाव सोडावं लागलं तर काय? प्रश्न निवडायची युक्ती सोपी आहे. ज्याचं उत्तर काहीही आलं तरी तुमचा निर्णय बदलणार नाही, तो प्रश्न सोडून द्या. ज्याच्या उत्तराने निर्णय पालटू शकतो, तो कितीही अवघड वाटला तरी विचाराच.

पायरी ५ : निवडणारे तुम्ही एकटे नाही

समोरची व्यक्तीही निवड करतेय. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये जोड्या लावण्याची एक पद्धत मांडली. तिच्यात शेवटी अशी एकही जोडी उरत नाही की जिच्यातले दोघं आपापले जोडीदार सोडून एकमेकांकडे जायला राजी होतील. त्या गणितातून निघणारी एक गोष्ट थेट कामाची आहे : टिकतील अशा जितक्या जुळण्या शक्य असतात, त्यांतली विचारणाऱ्या बाजूला तिच्या दृष्टीने सर्वांत चांगली मिळते आणि वाट पाहणाऱ्या बाजूला तिच्या दृष्टीने सर्वांत कमी चांगली. तेव्हा आवडलं असेल तर स्वतः विचारा, मग तुम्ही पुरुष असा वा स्त्री. नकाराचं दुःख आठवडाभराचं असतं. न विचारल्याची रुखरुख फार काळ टिकते.

पायरी ६ : 'हो' म्हणण्याच्या आदल्या रात्री

दोन गोष्टी करा. एक : मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी सुचवलेला व्यायाम. कल्पना करा की पाच वर्षं उलटली आहेत आणि हे नातं मोडलेलं आहे. 'मोडेल का' असं विचारू नका, मोडलंच आहे असं धरा, आणि का मोडलं ते पंधरा मिनिटं लिहा. जे कारण हात न थांबता उतरतं, त्यावर उद्या जोडीदाराशी बोला.

दोन : 'इतकी वर्षं दिली आहेत, आता कसं सोडू' हे कारण यादीतून खोडा. गेलेली वर्षं हो म्हटलं तरी गेली, नाही म्हटलं तरी गेली. निर्णय पुढच्या वर्षांचा आहे.

पायरी ७ : मूल हवं का?

इथे निर्णयशास्त्राची नेहमीची रीत अपुरी पडते, आणि हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. तत्त्वज्ञ एल. ए. पॉल यांचा मुद्दा मला पटतो : आई किंवा बाप होणं कसं असतं हे झाल्याशिवाय कळत नाही, आणि झाल्यावर तुमच्या आवडीनिवडीच बदलतात. आजची मी, उद्याच्या वेगळ्या मीच्या सुखाचं मोल कसं ठरवणार?

मग हातात काय उरतं? सुख किती मिळेल हा प्रश्न बाजूला ठेवून 'मला हा बदल घडवून बघायचा आहे का' असं विचारणं. वाट पाहणंही फुकट नाही हे लक्षात ठेवणं : वयाच्या पस्तिशीनंतर स्त्रीची गर्भधारणेची शक्यता झपाट्याने उतरू लागते, पुरुषाचं वयही निरुपद्रवी नसतं. आणि एकाचं 'हो' व दुसऱ्याचं 'नाही' यांची सरासरी निघत नाही, हे समजून घेणं. नोकरी, गाव, घर यांत मधला मार्ग सापडतो. अर्धं मूल होत नाही. इथे दोघांपैकी कोणाचंही 'नाही' अंतिम धरावं.

पायरी ८ : मागे फिरता येतं का?

मूल झाल्यावर प्रत्येक निर्णयाला एकच प्रश्न आधी विचारा : चुकलं तर दुरुस्त करता येईल का?

जे दुरुस्त होत नाही तिथे शक्यता कितीही लहान असो, खबरदारी घ्या आणि वाद घालत बसू नका. तान्ह्या बाळाला झोपवताना उताणं झोपवावं हा सल्ला त्याचा उत्तम नमुना. अमेरिकेत १९९४ मध्ये त्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतल्या अचानक बालमृत्यूंचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. खर्च शून्य, टळणारं नुकसान अपार. लसीकरण, गाडीतलं मुलाचं आसन, पाण्याजवळ मुलावर डोळा ठेवणं, औषधं कुलूपबंद ठेवणं, ही सगळी याच रांगेतली.

जे दुरुस्त होतं तिथे हात सैल सोडा. कोणतं खेळणं, कोणता छंदवर्ग, कोणत्या रंगाचे कपडे, आज अभ्यास अर्धा तास की पाऊण. जुळ्यांवरच्या गेल्या पन्नास वर्षांतल्या संशोधनाचा मोठा आढावा २०१५ मध्ये निघाला. त्यात १७,८०० हून जास्त गुणवैशिष्ट्यं होती, आणि माणसामाणसांतल्या फरकांतला सरासरी सुमारे ४९ टक्के वाटा आनुवंशिक निघाला. याचा अर्थ तुमच्या मुलाचं भविष्य आधीच लिहिलंय असा मुळीच नाही. हा आकडा लोकसमूहातल्या फरकांविषयी बोलतो, एका मुलाविषयी नाही. पण प्रत्येक छोट्या निवडीने मूल घडतं किंवा बिघडतं, हे ओझं मात्र खाली ठेवायला हरकत नाही.

पायरी ९ : कृती नको, नियम ठरवा

माझी मुलगी चार वर्षांची असताना झोपाळ्यावरून उतरायचं नाव घेत नसे. "अजून एकदा" म्हणायची, मग रडायची, मग जमिनीवर लोळण घ्यायची. मी बहुतेकदा ठाम राहायचे. एखाद्या दिवशी खूप दमलेली असले, किंवा आजूबाजूचे लोक बघायला लागले, की म्हणायचे, "बरं, एकदाच." मला वाटायचं मी नव्वद टक्के ठाम आहे. दोन आठवडे रोज वहीत नोंद केली तर अकरा रडारडींपैकी चार वेळा मी माघार घेतली होती.

ही 'कधीतरी माघार' नेहमीच्या माघारीपेक्षा वाईट. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी १९५० च्या दशकात प्रयोगांतून दाखवलं होतं की अधूनमधून, अनिश्चितपणे फळ मिळणारी वागणूक सर्वांत चिवट होते. दर वेळी फळ मिळत असेल तर ते बंद झाल्याचं लगेच लक्षात येतं. कधीतरी मिळत असेल तर पुढच्या वेळी मिळेल ही आशा सुटत नाही. माझी मुलगी हट्टी नव्हती. अकरापैकी चार वेळा जिंकणारा खेळ ती खेळत होती, आणि तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

मग आम्ही नियम बदलला : निघण्याआधी सांगायचं, "आता पाच झोके," मोठ्याने मोजायचे, आणि पाचवा झाला की उतरायचं. द्यायचेच असतील तर सात द्यावेत, पण ते सुरुवातीला ठरवून. रडल्यावर आकडा बदलायचा नाही. पहिले तीन दिवस रडणं आधीपेक्षा वाढलं, याची तयारी ठेवा. मग ओसरलं. पुढे एकदा मीच चारवर थांबवलं तर ती म्हणाली, "आई, एक राहिला."

ती बरोबर होती. नियम दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो. सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये २८ लहान मुलांवर एक प्रयोग छापला. आधी एका मोठ्या माणसाने काही मुलांना दिलेला शब्द पाळला, काहींना दिलेला मोडला. नंतर सगळ्यांना गोड खाऊ समोर ठेवून सांगितलं की थांबलात तर दुप्पट मिळेल. शब्द पाळलेल्या गटातली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, शब्द मोडलेल्या गटातली ३ मिनिटं. मुलाचा संयम म्हणजे बऱ्याच अंशी त्याने तुमच्या शब्दावर केलेला हिशेब असतो. जे पाळता येणार नाही ते वचन देऊ नका. धमकीचंही तेच : "इथेच सोडून जाईन" असं म्हणणारा पालक सोडून जाणार नसतो, आणि मुलाला हे दुसऱ्याच खेपेला कळतं. छोटी, पण खरोखर अमलात आणता येईल अशीच गोष्ट बोला.

पायरी १० : ओरडल्याने सुधारतं, हा भास

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन एकदा इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांना शिकवत होते. एक अनुभवी प्रशिक्षक म्हणाला, कौतुक केलं की पुढची कसरत बिघडते आणि ओरडलं की सुधारते, तेव्हा कौतुकाचे गोडवे आम्हाला सांगू नका. कानेमननी सगळ्यांना पाठ फिरवून, न बघता, मागच्या खुणेकडे दोन-दोन नाणी फेकायला लावली. पहिल्या फेकीत जे उत्तम ठरले ते दुसऱ्या फेकीत बहुतांशी घसरले, जे वाईट होते ते सुधारले. ना कोणी कौतुक केलं होतं, ना कोणी ओरडलं होतं. फार चांगली किंवा फार वाईट खेप ही थोडी नशिबाची असते, त्यामुळे पुढची खेप आपोआप सरासरीकडे झुकते.

घरातही हेच चालू असतं. मुलाचा सर्वांत वाईट दिवस असतो त्या दिवशी आपण ओरडतो, आणि दुसरा दिवस तसाही बरा जाणार असतो. श्रेय ओरडण्याला जातं. त्याच्या सर्वांत चांगल्या दिवशी कौतुक करतो, दुसरा दिवस साधा जातो, आणि वाटतं डोक्यावर चढला. जग आपल्याला शिक्षा करायला अशा रीतीने शिकवत राहतं. यावर उपाय एकच : एका दिवसावरून पद्धत जोखू नका. एखादी पद्धत निदान तीन आठवडे चालवा, नोंद ठेवा, मग आधीच्या तीन आठवड्यांशी ताडून बघा.

दंड आणि बक्षीस जपून वापरा. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांवर उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी केलेला अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांत दंड लावला, तर उशीर वाढला, जवळजवळ दुप्पट. आधी शिक्षिकेला ताटकळत ठेवल्याची लाज होती, दंड आल्यावर ती विकत घेतलेली सेवा झाली. दंड काढून टाकल्यावरही उशीर कमी झाला नाही. घरात भांडणाला, खोटं बोलण्याला दर लावाल तर तेच होईल. आणि १९७३ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात आवडीने चित्र काढणाऱ्या मुलांना आधी कबूल करून बक्षीस दिलं, तर नंतर मोकळ्या वेळात ती आधीपेक्षा कमी चित्रं काढू लागली. जे मूल आपणहून करतंय त्याला बक्षीस लावू नका.

पायरी ११ : वाटणी, आणि निर्णयाची किल्ली

दोन मुलं असतील तर वाटणीचे नियम त्यांना लवकर शिकवा. एकाने वाटे करायचे, दुसऱ्याने आधी उचलायचं. वस्तू एकेक करून निवडायच्या असतील तर 'मी, तू, मी, तू' असं करू नका. त्यात पहिल्याला प्रत्येक फेरीत फायदा मिळतो. 'मी, तू, तू, मी' असं करा. सहा वर्षांच्या मुलालाही यातला न्याय लगेच कळतो.

आणि दरवर्षी काही निर्णय त्यांच्या हाती सोपवत जा, पायरी ८ ची कसोटी लावून : चुकलं तर दुरुस्त होईल असेच. चार वर्षांच्या मुलाने दोन कपड्यांतून एक निवडावा. आठव्या वर्षी आठवड्याच्या पैशांचा हिशेब त्याने ठेवावा, आणि पहिल्याच दिवशी संपवले तर उरलेले सहा दिवस तुम्ही भर घालू नये. बाराव्या वर्षी सुट्टीचा एक दिवस त्याने आखावा, वेळापत्रकासकट. आमच्याकडे तो दिवस पहिल्यांदा आला तेव्हा मुलीने कागदावर दोन रकाने केले, वर तारीख टाकली, आणि आम्हाला खोलीबाहेर थांबायला सांगितलं.